मानेवरचं पीठ

भैरूआबा पिसाळांना वजनकाटा कधी लागला नाही. कांदा-बटाटा मार्केटात चाळीस वर्षं गोणी वाहिल्यावर माणसाच्या डोळ्यातच काटा बसतो, असं ते म्हणत, आणि तो काटा घरीदारी सगळीकडे वापरत. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून "तीन किलो दोनशे" असं सांगून मोकळे होत. बाळाची आजी दवाखान्याचा कागद काढून बघे, तर तीन किलो दोनशेच. मेव्हण्याचा मुलगा दुबईला निघाला तेव्हा त्याची बॅग त्यांनी दारातूनच चार किलो जास्त ठरवली. पोरगा हसला आणि विमानतळावर सगळ्यांसमोर लोणचं नि चकल्या उपसत बसला. एका लग्नात तर रुखवतातला लाडवांचा हंडा दोन बाया मिरवत आणत होत्या, तेव्हा भैरूआबा भर मांडवात बोलून गेले की वरचा एक थर लाडू आहे, खाली कागद कोंबलाय. हंडा कोणी पालथा केला नाही, पण त्या घराकडून पिसाळांना पुन्हा पत्रिका आली नाही.

विशीत असताना ते पाटणच्या डोंगरातून इकडे मुंबईला आले, चुलत्याच्या टोळीत शिरले आणि पुढं त्याच टोळीचे मुकादम झाले. घणसोलीत माथाड्यांच्या सोसायटीत घर झालं. सोसायटीचं अध्यक्षपद दर दोन वर्षांनी ते नको नको म्हणत आणि दर दोन वर्षांनी घेत. आता साठ पुरी होत आली होती आणि महिनाअखेर टोळीतून निवृत्ती होती. टोळीची रीत अशी की बाप उठला की त्याच्या जागी पोरगा. सोमवारी कचेरीत तसा अर्ज द्यायचा होता. त्यावर बापाची सही झालेली होती, पोराची व्हायची होती, आणि ती काही केल्या होत नव्हती.

पोरगा म्हणजे उदयसिंह, चोवीस वर्षांचा, एकुलता एक. बी.कॉम. होऊन दोन वर्षं तो नुसता मोबाईलकडे बघत बसला होता. चार महिन्यांपूर्वी एके दिवशी येऊन म्हणाला, "आबा, उरणला गोडाऊनमधे लागलोय, मालाच्या टोळीत." भैरूआबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आधी परक्या टोळीत मुरू दे, मग आपल्यात घेऊ, असं त्यांनी सगळ्या मार्केटभर सांगितलं. माळ्यावर ठेवलेला, गोणी ओढायचा चुलत्याचा जुना लोखंडी आकडा त्यांनी तेल लावून पोराला दिला. रोज सकाळी उदय डबा आणि आकडा पिशवीत घालून निघे आणि संध्याकाळी परत येई तो शर्टावर पांढरं पीठ घेऊन. ते पीठ बघताना भैरूआबांना जे सुख होई ते त्यांना गणपतीच्या मिरवणुकीतही होत नसे. बायकोला, म्हणजे राहीबाईंना ते सांगत, शर्ट लगेच भिजवू नकोस, जरा बघू दे.

पोराच्या अंगाला गोडसर वास येई. त्याचाही खुलासा आबांकडे तयार होता, की उरणला विलायती माल उतरतो, वास विलायतीच येणार. कधी पिशवीतून केकचे तुकडे निघत. कंटेनरमधे फुटलेला माल, उदय सांगे. आबा दोन तुकडे खात आणि म्हणत, बंदरावर काम करणाराची चैन असते बाबा. तिथल्या मुकादमाला एक फोन केला असता तर सगळा उलगडा झाला असता, पण मुकादमाचा पोर वशिल्यावर चालतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी फोन केला नाही. तत्त्वाच्या माणसाला फसवणं फार सोपं असतं.

फक्त सहीचं घोडं अडलं होतं. आज हात भरलेत, आज पेन चालत नाही, आज अमावस्या आहे, असं करत उदयनं तीन आठवडे काढले. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं आबांना कळलं, कुठं ते कळलं नाही. तेवढ्यात जागृती आली.

जागृती ही तळवलीच्या नामा पाटलांची मुलगी, कॉलेजात शिकवणारी. नामा म्हणजे आबांचा जुना दोस्त. त्याची भातखाचरं शहरात गेली आणि त्यांच्या बदल्यात तीन बिल्डिंगा उभ्या राहिल्या, तरी तो अजून सकाळी उठून खिडकीतून पाऊस बघायचा. जागृतीला शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना चांगले सिनेमे दाखवायचे होते आणि त्याला अध्यक्षांची परवानगी हवी होती. पहिला सिनेमा कुठला, असं आबांनी विचारलं. इंग्लंडमधला जुना, काळा-पांढरा, साठ वर्षांपूर्वीचा, ती म्हणाली. हमालाचा पोरगा असतो, बापाचा धंदा नको म्हणतो, बंड करतो.

"आन् मग?" आबांनी विचारलं.

"मग तुम्हीच बघा, काका."

आबांनी मनाशी शेवट करून टाकला. बंड करणाऱ्या पोराचं पुढं काय होतं हे जगाला माहीत आहे. खड्ड्यात पडतो, रडत येतो, बापाचे पाय धरतो. इंग्रज झाले तरी बापाचे पाय त्यांनाही असणारच. त्यांनी परवानगी दिली, वर चहा सोसायटीतर्फे लावला, आणि फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं की ज्यांच्या घरी ऐन वयातली मुलं आहेत त्यांनी मुलांना घेऊन यावं. उदयला त्यांनी शपथ घातली, उरणहून थेट हॉलवर ये, घरी हातपाय धुवायलासुद्धा जाऊ नकोस. सिनेमा बघून पोरगं विरघळेल, तिथंच खिशातून अर्ज काढू, असा बेत होता. अर्ज आणि दोन पेनं त्यांच्या वरच्या खिशात होती. दोन अशासाठी की एक चालत नाही म्हटलं तर दुसरं.

शनिवारी सहाला हॉल भरला. निम्मी माणसं टोळ्यांमधली, आजी-माजी, निम्मी त्यांच्या घरची. गणपती मंडळाचा पडदा लावला होता. प्रोजेक्टरला हळदकुंकू वाहून आबांनी नारळ फोडला, त्याचं पाणी वायरीवर उडालं आणि सिनेमा दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. उदय आला नव्हता. उरणची बस म्हणजे काय, आबा म्हणाले, येईल.

पडद्यावर धुराडी आली, पाऊस आला, विटांच्या घरांची एक लांबलचक चाळ आली. त्या लोकांचं इंग्रजी असं होतं की जागृतीलाही खालची अक्षरं वाचावी लागत होती. ती भिंतीशी उभी राहून मराठीत सांगत होती. हॉलला आधी इंग्रज म्हणजे कोट घातलेला साहेब वाटला होता. इथं तर एका खोलीत सहा माणसं, संडास अंगणात, आणि बाया दारात उभ्या राहून एकमेकींना शिव्या देत होत्या. राहीबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या की यांच्यातबी आपल्यावानीच हाय, आणि पहिल्या पाच मिनिटांतच हॉलनं त्या चाळीला पदरात घेतलं. पोरगा हाडकुळा होता. बाप पिठाच्या गिरणीत पोती वाही आणि संध्याकाळी एक शब्द न बोलता जेवे. पोरगा चिडायचा, खिडक्या फोडायचा, मास्तरांना उलट बोलायचा. त्याला काय हवंय ते कोणालाच कळत नव्हतं, त्यालाही नसावं.

"आरं भैरू," नामा कुजबुजला, म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलला, "यो पोऱ्या भुकेला हाय. कोनी त्याला पोटभर जेवाला घाला, मंग बघा कसा गप बसतंय."

आबांनी त्याला हातानं गप्प केलं. आता बाप पोराला गिरणीत घेऊन जात होता. आबा खुर्चीत पुढं सरकले. हाच तो प्रसंग. बाप पोराच्या पाठीवर पोतं देतो, पोरगा ते घेऊन फळीवरून गाडीकडे चालतो. आणि तिथं आबांचं काहीतरी बिनसलं. ते उठून उभे राहिले, पडद्यावर त्यांचं डोकं आलं.

"थांबवा," ते म्हणाले. "पोतं रिकामं हाय."

जागृतीनं सिनेमा थांबवला. तिला वाटलं आबांना बरं वाटत नाही. पण मागच्या रांगांमधून माजी माथाड्यांचा एकच गलका झाला, की मुकादम बरोबर बोलतात, आम्हाला मघाशीच दिसलं, गुडघे बघा, मान बघा, आत गवत भरलंय. ज्या माणसांनी तासभर मुकाट्यानं न कळणारी भाषा ऐकली होती त्यांना अखेर एक गोष्ट कळली होती आणि ती कोणी सोडायला तयार नव्हतं. जागृती सांगू लागली की तो नट आहे, काका, त्याला खरं पोतं कसं उचलवेल. आबा म्हणाले, नट असेल, पण आम्हाला का फसवतोय. मग त्यांनी पडद्याजवळ जाऊन थिजलेल्या पोराकडे बोट दाखवलं आणि शिकवायलाच घेतलं. शंभर किलो पाठीवर आलं की मान आत जाते, बोलणं बंद होतं. आणि हे पीठ बघा, त्याच्या छातीला फासलंय, बाह्यांना फासलंय.

"पोतं वाहणाराचं पीठ मानंवर पडतं," ते म्हणाले. "कानामागं, कॉलरीच्या आत. छातीवर पीठ असतं ते मळणाराच्या. ह्ये पोरगं हमाल न्हाय, भटारखान्यात कामाला हाय."

त्याच वेळी दार उघडून उदय आत आला. आबांचा चेहरा उजळला, कारण दाखल्याला यापेक्षा चांगला माणूस मिळाला नसता.

"ह्यो बघा आमचा उदय, थेट उरणवरनं येतोय. ये रं हिकडं, वळ. दाखव लोकांस्नी मान."

उदय जागचा हलला नाही. आबांनीच त्याला खांद्याला धरून प्रोजेक्टरच्या उजेडात वळवलं. मान स्वच्छ होती. कानामागं काही नव्हतं, कॉलर कोरी होती. मग आबांनी त्याला परत फिरवलं. छातीवर पीठ होतं, पोटावर होतं, कोपरापर्यंत दोन्ही बाह्यांवर होतं, आणि हॉलभर तो गोड विलायती वास पसरला होता.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी जन्मभर मानेवर पोती घेतली होती. त्यांना समजवायला जागृतीची गरज नव्हती. आबांचा हात पोराच्या खांद्यावर तसाच राहिला. मग त्यांनी आपला टॉवेल काढला आणि त्या कोऱ्या मानेवरून तीनदा फिरवला, जणू तिथं शेरभर धूळ होती.

"बसमधे पुसून आलंय वाटतं," ते म्हणाले. "चालू करा पिक्चर."

आणि टोळीतल्या एकूण एक माणसानं पडद्याकडे तोंड केलं. परीक्षेला बसल्यासारखे सगळे सिनेमा बघू लागले. आयुष्यात आबांचा एवढा अपमान कधी झाला नव्हता, आणि तो गिळून घ्यायला एवढी माणसं कधी पुढं आली नव्हती. त्याचं त्यांना बरंही वाटलं आणि रडूही आलं.

पुढचा सिनेमा आबांनी पाहिला तो न पाहिल्यासारखाच. चार महिने. शर्ट भिजवू नकोस म्हणत होतो मी. फुटलेला माल म्हणून केक खाल्ला मी. पडद्यावर काहीतरी भांडण झालं, बापानं पोराला मारलं, पोरगा पुन्हा गिरणीत गेला. आणि अचानक हॉलमध्ये धप्प असा आवाज आला आणि आबांची मान वर झाली. पोरानं भर दारात, गाड्यांच्या वाटेत, पोतं खाली टाकलं होतं.

"ह्ये भरलेलं हाय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पोरगा त्या पोत्यावर बसला. मागं गाड्या थांबल्या, हॉर्न वाजू लागले. फोरमन ओरडला, मालक ओरडला, बाप लांब उभा राहिला. पोरगा नुसता बसून राहिला. पडदा काळा झाला आणि इंग्रजी नावं खालून वर सरकू लागली.

हॉलनं शांतपणे चहा घेतला. इंटरव्हल छान ठिकाणी घेतलंय, असं सगळ्यांचं मत पडलं. पंधरा मिनिटं झाली तरी दुसरा भाग लागेना, तेव्हा नामा मुलीला म्हणाला, चल, लाव आता. जागृतीनं सांगितलं की संपला, एवढाच आहे. हे कोणाला पटेना. पोराचं काय झालं, कामावरून काढलं का, बाप काय बोलला, लग्न तरी झालं का? काहीच दाखवत नाहीत, जागृती म्हणाली, आपण विचार करायचा. राहीबाई म्हणाल्या की एवढी मोठी इंग्लंडची माणसं, शेवट करायला त्यांना काय धाड भरली होती.

आबा मात्र कप तसाच धरून बसले होते. ते अचानक बोलले, पण कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

"पोरगं एकटं बसलं. आन् एकबी माणूस त्याच्या शेजारी जाऊन बसला न्हाय. नुसते समोर उभं राहून वरडत व्हते. असा संप मिटतो व्हय?"

हे मात्र ते अधिकारानं बोलत होते. चाळीस वर्षांत टोळीनं कितीदा माल खाली टाकला होता आणि दरवेळी व्यापाऱ्यांनी आधी मुकादमालाच बोलावलं होतं. मुकादमाची पद्धत ठरलेली. समोर उभं राहायचं नाही. शेजारी बसायचं, तंबाखू मळायची, चिमूट पुढं करायची, आणि मग एकच विचारायचं.

उदय बाहेर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. आबा जाऊन त्याच्या शेजारी बसले. गुडघ्यातून कटकट आवाज आला. त्यांनी तंबाखू मळली आणि चिमूट पुढं केली. उदयनं मान हलवली, कारण तो खात नव्हता. हेही आबांना आजच कळलं.

"मागणी काय?" आबांनी विचारलं.

उदय सांगू लागला. बेलापूरला केकचं दुकान आहे, त्याच्या मागं भट्टी आहे. आधी नुसते डबे पोचवायला लागला होता, आता हात बसलाय, मालकीण म्हणते वर्षभरात तूच भट्टी सांभाळशील. आकडा रोज पिशवीत असतो, त्यानं मैद्याच्या गोणीची शिवण उसवतो. सांगणार होतो, पण तुम्ही पहिल्याच दिवशी शर्टाकडे असं बघितलंत की तोंड उघडलं नाही.

"आबा, मला तुमची लाज वाटत न्हाय," तो म्हणाला. "मला फक्त तुमची जागा नको."

आबांना हे वाक्य लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. चाळीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू पोरानं हात जोडून परत केली होती. मग त्यांना एकाएकी चुलता आठवला. चुलत्याची ही जागा खरं म्हणजे चुलतभावाची होती. तो बँडात क्लॅरिनेट वाजवायला पळाला, चुलत्यानं घरात त्याचं नाव टाकलं, आणि जागा मोकळी झाली म्हणून डोंगरातला भैरू मुंबईला आला. टोळी, मुकादमकी, हे घर, ही सोसायटी, ह्या उदयचं बी.कॉम., सगळं एका क्लॅरिनेटवाल्याच्या नाही म्हणण्यावर उभं होतं. त्या माणसाला ते चाळीस वर्षं नावं ठेवत आले होते.

"गोणी किती किलोची येती मैद्याची?" त्यांनी विचारलं.

"पन्नास."

"कोण उतरवतं?"

"मीच."

आबांनी पोराकडे आडव्या नजरेनं पाहिलं. "ती तू पोटाशी धरून उचलतोस," ते म्हणाले, आणि ते प्रश्न विचारत नव्हते.

घरी गेल्यावर त्यांनी राहीबाईंना सगळं सांगायला घेतलं, तर त्या पोळ्या लाटतच राहिल्या. त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. गोडाऊनची धूळ पाण्यात जाते, मैदा भिजला की त्याची खळ होते. चार महिने पोराचे शर्ट इस्त्रीशिवाय ताठ उभे राहत होते, त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसलं न्हाय होय? जगाची वजनं करणाऱ्या माणसानं दोरीवरचा पोराचा शर्ट हातात घेऊन चाचपून पाहिला.

सोमवारी आबा कचेरीत गेले आणि अर्जात पोराच्या नावावर रेघ मारून गावाकडचा पुतण्या रणजीत याचं नाव त्यांनी घातलं. कारकून म्हणाला, वर विचारावं लागेल. विचारा, आबा म्हणाले, मलाबी चुलत्यानंच आणलं होतं. तिथून ते थेट बेलापूरला गेले. केकच्या दुकानाच्या मागल्या गल्लीत टेम्पो लागला होता आणि उदय मैद्याची गोणी तान्ह्या पोराला घ्यावं तशी पोटाशी कवटाळून, मागं वाकून, धापा टाकत नेत होता. आबांनी एक गोणी पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी त्यांच्यानं बघवली नाही.

संध्याकाळी राहीबाईंनी दार उघडलं. आबा चप्पल काढायला वाकले, तेव्हा त्यांची मान दिसली. कानामागं, कॉलरच्या आत, पार मणक्यापर्यंत पांढरं झालं होतं आणि साऱ्या अंगाला गोड विलायती वास येत होता.

"काढा शर्ट, भिजवते," त्या म्हणाल्या.

"लगेच नको," आबा म्हणाले. "उदय येऊ दे. त्याला दावतो, पीठ कुठं पडतं ते."